चाळिशीतला ‘यू’

इंग्रजीत चाळीस हा आकडा अक्षरांत कसा लिहावा, याबद्दल आपल्या लोकांत एकमत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. गेली बावीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून मी लोकांचे चेक पास करतो आहे, आणि माझ्यासमोरून गेलेल्या कितीतरी ‘फॉर्टी थाउजंड’मध्ये एक ‘यू’ बिनतिकीट प्रवास करत होता. बरं, लिहिणाऱ्याची तरी काय चूक? चाराच्या स्पेलिंगात यू आहे, चौदाच्या स्पेलिंगात आहे, मग ऐन चाळिशीत तो गळावा, हे काय डोक्यावरचे केस आहेत? (आहेत म्हणा. मी स्वतः शेहेचाळीस वर्षांचा आहे.) सोळाव्या-सतराव्या शतकातल्या छापील इंग्रजी पुस्तकांत यू असलेलं चाळीसही सापडतं. म्हणजे आमचा खातेदार चुकत नाही, तो फक्त चारशे वर्षं उशिरा आलेला आहे.

सांगायचा मुद्दा असा, की तो चेक आम्ही पास करतो. १८८१ सालचा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट नावाचा एक कायदा आहे. त्याचं अठरावं कलम म्हणतं, आकड्यातली आणि अक्षरांतली रक्कम वेगळी असेल तर अक्षरांतली खरी धरावी. कायद्यानं शब्दाला आकड्यापेक्षा मोठा मान दिला, पण शब्दाला त्याचं स्पेलिंग विचारलं नाही. सहीचं शेपूट इकडचं तिकडे गेलं तर आम्ही चेक परत करतो, खाडाखोड असली तर करतो, खात्यात पैसे नसले तर दंड लावून करतो. पण एक यू जास्त झाला म्हणून परत गेलेला चेक मी पाहिलेला नाही. किती द्यायचे ते कळलं ना? कोणाला द्यायचे ते कळलं ना? सही त्याचीच आहे ना? मग द्या. बी.कॉम.ला आम्हाला नीतिशास्त्र नव्हतं. माझ्याकडे जे काही आहे ते एवढंच.

बँकेबाहेर मात्र हा कायदा चालत नाही, हे मला आमच्या सोसायटीत कळलं.

डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत अठ्ठावीस बिऱ्हाडं आहेत आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. बिऱ्हाडांत तमिळ, गुजराती, मल्याळी असे सगळे असल्यामुळे ग्रुपचा कारभार इंग्रजीत चालतो, म्हणजे ज्याला जे इंग्रजी वाटतं त्यात चालतो. आणि या ग्रुपवर एक सर आहेत. आयुष्यभर हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. माणूस सज्जन. कधी कुणाला वावगा शब्द नाही. फक्त एखाद्याचा मजकूर आला, की त्याखाली ते एक चांदणी काढतात आणि चांदणीपुढे शुद्ध शब्द लिहितात. ‘लिफ्ट इज नॉट वर्किंग फ्रॉम यस्टर्डे’ असं कुणी कळवलं, की खाली चांदणी आणि ‘सिन्स’. लिफ्ट पुढे तीन दिवस बंदच होती; पण शुद्ध व्याकरणात बंद होती.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू डबे करून देतात. त्यांनी एकदा लिहिलं, ‘टुमॉरो टिफिन नो. माय सन एक्झाम.’ एवढ्यात सगळं आलं होतं. बातमी होती, कारण होतं आणि आईची काळजीही होती. सरांनी खाली पूर्ण वाक्य लिहून दिलं, कर्ता, क्रियापद आणि स्वल्पविराम जागच्या जागी. काकूंनी दोन जोडलेले हात पाठवले. त्यानंतर त्यांनी ग्रुपवर काही लिहिलं नाही. डबा नसला तर संध्याकाळी दारोदार फिरून सांगून येत.

मी सरांना गेटजवळच्या बाकावर गाठलं. म्हटलं, “सर, काकूंना कशाला दुरुस्त केलंत?”

“मग कुणी करायचं?” सर म्हणाले. “तुम्ही सगळे मनातल्या मनात हसणार आणि गप्प बसणार. मी हसत नाही, मी सांगतो. यात जास्त माया कुणाची?”

आता याला उत्तर द्या! मला चटकन देता आलं नाही. कारण गप्प बसणाऱ्यांत खरोखरच हसणारे होते, आणि चूक कुणीच दाखवली नाही तर माणूस ती घेऊनच मुलाखतीला जातो, हेही खरं आहे. मास्तर चांदण्या उगाच काढत नव्हते.

पण मी बँकेतला माणूस, उधारीवर आलो. इंग्रजीत कर्जाला जो शब्द आहे, त्यातला ‘बी’ कुणी उच्चारत नाही. तो फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हताच. पुढे विद्वानांना लॅटिन आठवलं आणि त्यांनी तो आत बसवला. पावतीच्या शब्दातला ‘पी’ही तसाच, लॅटिनच्या शिफारशीवरून लागलेला. त्याच कुळातला फसवणुकीचा शब्द मात्र पीविना राहिला. फसवणुकीला पावती नसते, एवढंच त्यात सुसंगत. बेटाच्या शब्दातला ‘एस’ तर शुद्ध गैरसमज आहे. लॅटिनमधून आलेल्या दुसऱ्याच शब्दाशी नातं आहे असं समजून तो घुसवला, आणि नातं निघालंच नाही. तरी एस अजून घरात आहे. आणि ही जुनी गोष्ट झाली म्हणावं, तर संगणक एकमेकांशी बोलतात त्या नियमावलीत, १९९६ साली छापलेल्या, ‘रेफरर’ या शब्दातला एक आर गळाला. कुणाच्या लक्षात येईपर्यंत जगभर तेच चालू झालं होतं. आजही तो शब्द तसाच एक आर कमी घेऊन रात्रंदिवस धावतो आहे. त्याच्याखाली चांदणी कोण काढणार?

“म्हणजे,” मी म्हटलं, “विद्वानाची चूक शब्दकोशात जाते आणि डबेवाल्या काकूंची चांदणीखाली.”

“आणि तुझ्या बँकेच्या पत्रात?” सर म्हणाले. “तिथे चालेल?”

हा नेम बरोबर बसला. तिथे चालत नाही. कर्जाच्या पत्रात ‘यू आर नाऊ एलिजिबल’मधल्या ‘नाऊ’चं शेवटचं अक्षर बदलून टी पडलं, की मंजूर झालेलं घर नामंजूर होतं. असल्या चुकीसाठी मी चांदणीच काय, अख्खं नभांगण काढीन. पण ही चूक माणसाला फसवते. ‘सिन्स’च्या जागी ‘फ्रॉम’ पडल्यानं कोण फसलं? त्यानं फक्त एवढं कळलं, की लिहिणारा कुठल्या शाळेत गेला आणि कुठल्या शाळेत त्याला बापानं घातला नाही. ही माहिती खरी असेलही. पण लिफ्टच्या दुरुस्तीला तिचा उपयोग काय?

गंमत पाहा, मराठीत आपण एवढे कडक नसतो. १९६२ साली शासनानं मान्य केलेले लेखनाचे नियम आहेत, पण ऱ्हस्वदीर्घावरून कुणाची मान खाली गेलेली मी पाहिली नाही. उलट “आम्हाला बुवा ते वेलांटीचं जमत नाही” असं लोक घरचा दागिना दाखवावा तसं सांगतात. इंग्रजी चुकलं की मात्र माणूस गोरामोरा होतो. मराठीत चूक होते, इंग्रजीत अब्रू जाते.

आणखी एक. ज्या महिन्यात सरांचा पार्किंगचा अर्ज कमिटीपुढे होता, त्या महिन्यात सेक्रेटरींनी ‘इंटरेस्ट विल बी अप्लाय’ असं लिहिलं होतं. त्याखाली चांदणी उगवली नाही. हे मी सरांना बोललो नाही. पण आमच्या बँकेतही वरून येणाऱ्या परिपत्रकांत ‘रिव्हर्ट बॅक’ असतं आणि ते आम्ही फाइलला लावतो. शुद्धलेखन हे पाण्यासारखं आहे. ते वरून खालीच वाहतं.

पाण्यावरून आठवलं. एका रविवारी दुपारी गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली. काकूंच्या बाल्कनीतून धार दिसत होती. त्यांनी फोन हातात घेतला, ‘वॉटर’ लिहिलं, आणि ‘ओव्हरफ्लो’च्या शेवटी डब्ल्यू असतो की नाही यावर अडल्या. मुलगा क्लासला. ग्रुपवर चूक लिहिण्यापेक्षा खाली जाऊन वॉचमनला सांगावं म्हणून उतरल्या, तर तो जेवायला गेलेला. मोटर तासभर चालली. आठवड्यातून दोन दिवस टँकर मागवणारी आमची सोसायटी!

संध्याकाळी काकू जिन्यात सगळ्यांची माफी मागत होत्या. सर दोन पायऱ्या वर उभे होते. डब्ल्यूचं कारण त्यांनीही ऐकलं. “असतो, डब्ल्यू असतो,” एवढंच पुटपुटले आणि वर गेले.

पुढच्या रविवारी ग्रुपवर काकूंचा मजकूर आला. रोमन लिपीत, पण मराठी: ‘टाकी भरली. मोटर बंद करा.’ चौथ्या मजल्यावरच्या तमिळ मामांनी दोन मिनिटांत उत्तर दिलं, ‘ओके, मोटर क्लोज्ड.’ आता ‘क्लोज्ड’ म्हणजे शुद्ध वर्मावर बोट. अठ्ठावीस बिऱ्हाडं फोनकडे बघत बसली. सरांच्या नावाखाली ‘टायपिंग’ असं दिसलं, गेलं, पुन्हा दिसलं, पुन्हा गेलं. रात्रीपर्यंत चांदणी आली नाही.

आली ती साडेअकराला, एकट्या मामांच्या फोनवर.