पंचनाम्यात नसलेला रकाना

सोलापूरच्या माणसाची बर्फाशी ओळख रसवंतीतली. भुश्शात ठेवलेली लादी, वर ओलं गोणपाट, बस्स. मार्चमध्ये आपल्याकडे ऊन तापायला लागतं, तेव्हा रानातला बर्फ फावड्यानं ओढावा लागेल असं कुणी म्हटलं असतं, तर पारावरची माणसं हसली असती.

2014 साली ती वेळ आली. फेब्रुवारीच्या अखेरीला सुरू झालेली गारपीट मार्चच्या मध्यापर्यंत हटायचं नाव घेईना. विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र आणि आपला जिल्हा. एरवी गारा पडतात त्या घटकाभर, पोरंसोरं वेचून तोंडात टाकतात आणि विषय संपतो. त्या साली मात्र बांधाच्या कडेला, गोठ्याच्या वळचणीला गारांचा खच पडला. पाऊस आपल्याकडे मुळात बेताचा, वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. त्यानं यायचं तर असं यावं!

गार म्हणजे भुसभुशीत हिम नव्हे. ढगातल्या जोरकस वाऱ्यानं थेंब उंच फेकला जातो, गोठतो, पुन्हा पाणी लपेटून घेतो, पुन्हा गोठतो आणि वाऱ्याला पेलवेनासा झाला की कोसळतो. थंड मुलखातलं ताजं कोरडं हिम घनमीटरला एक क्विंटलही भरत नाही, ओलं झालं की दोन-तीन क्विंटलांवर जातं. तिकडचे शेतकरी ओल्या हिमाला वैतागतात ते उगीच नाही. गारा तर नुसतं घट्ट बर्फ, त्यांचा ढीग त्याहून जड. त्या घमेल्यानं उचलायच्या आणि त्याही उघड्या हातांनी, कारण सोलापुरात हातमोजे कुणाच्या घरात असणार?

आता दुसऱ्या दिवसाची पहाट बघा. मालदांडी ज्वारी आडवी झालेली, द्राक्षाच्या मांडवाखाली मण्यांचा सडा, डाळिंबं फुटून पडलेली. घरातला कर्ता माणूस बांधावर डोक्याला हात लावून बसतो. बसू द्यावं, त्याचा दोष नाही. पण गाय हंबरते. तिला गारपिटीचं काय? तिची धारेची वेळ झालेली असते. मग घरातली बाई पदर खोचते. दावणीतल्या गारा खराट्यानं लोटते, शेणात कालवलेला तो गार चिखल पाटीत भरून उकिरड्यावर टाकते. पत्र्याला पडलेल्या भोकांतून गळणारं पाणी गव्हाणीत पडू नये म्हणून गव्हाण सरकवते. कडब्याच्या गंजीवरचा भिजलेला थर काढून उन्हाला पसरते, कारण ओला कडबा गंजीत राहिला की काळा पडतो, बुरसतो आणि जनावर त्याला तोंड लावत नाही. मग बोटं बधिर झालेली असतात ती गायीच्या कासेजवळ ऊब घेतात आणि धार सुरू होते. यात मला कसलीही थोरवी गायची नाही. डेअरीची गाडी ठरल्या वेळेला येते म्हणून हे काम होतं.

बागेतला सडा उचलणं त्याहून अवघड, आणि तिथं एक पेच आहे. मार्चमध्ये हस्त बहराची डाळिंबं काढणीला आलेली असतात आणि आंबे बहर नुकता धरू लागलेला असतो, म्हणजे गार एकाच फटक्यात हातातलं आणि पुढचं दोन्ही नेते. वर फळाला आणि फांदीला जखमा होतात. त्या जखमांतून तेल्या रोगाचे जिवाणू आत शिरतात. म्हणून जाणकार सांगतात, पडलेली फळं लगेच वेचा, बागेबाहेर नेऊन पुरा, मोडक्या फांद्या छाटा, छाटलेल्या जागी मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावा. गावातले लोक सांगतात, थांबा, तलाठी येऊन बघून जाईपर्यंत काही हलवू नका, नाहीतर नुकसान दिसायचं कसं? म्हणजे मदत हवी तर सडा तसाच ठेवायचा आणि पुढच्या बहराची काळजी असेल तर आजच उचलायचा. हा पेच ज्यानं भोगला नाही, त्याला दोन्ही सल्ले बरोबर वाटतात.

काही गोष्टी बदलल्या, हे कबूल करायला हवं. पूर्वी निम्मं पीक गेल्याशिवाय सरकारी मदत लागू होत नसे, 2015 साली ती अट 33 टक्क्यांवर आली. 2016 पासूनच्या पीक विमा योजनेत गारपीट झाल्यावर 72 तासांत कळवावं लागे. हाती मोबाइल आले, फोटो काढून ठेवता येतात. तरी रानातला बर्फ 72 तास थांबत नाही. तो दुपारपर्यंत वितळून मुळाशी मुरतो, मागं राहतो तो चिखल आणि फुटलेली फळं.

आणि पंचनाम्याचा कागद बघा. गट नंबर, पिकाचं नाव, क्षेत्र, नुकसानीची टक्केवारी. सगळं लागतं, नाही असं नाही. पण दावण लोटली, कडबा वाळवला, पाट्याच्या पाट्या फळं बागेबाहेर नेली, या श्रमाला त्यात रकाना नाही. जे गेलं त्याची मोजदाद होते. जे वाचवलं त्याची होत नाही, आणि ते वाचवणारी बहुतेक घरांत सातबाऱ्यावर नसते. मला वाटतं, गारपिटीच्या बातम्या आपण इतकी वर्षं वाचतो, तरी हा अर्धा भाग आपल्याला माहीतच नसतो, तो याच कारणानं.

त्या सकाळची लेखी नोंद शोधायचीच म्हटली तर एकच सापडेल, दूध घातल्याची डेअरीची चिठ्ठी. तारीख, लिटर, फॅट. रोजच्यापेक्षा लिटर कमी भरलेलं असेल, पण चिठ्ठी असेल. अर्थात तिच्यावरचं खातंही बहुधा नवऱ्याच्याच नावाचं.