कृत्तिका आणि पाठांतर

कार्तिकात सायंकाळी नांदेडच्या गोदातीरावरून कृत्तिकांचा पुंज वर येताना दिसतो. नुसत्या डोळ्यांस सहा तारका, साध्या दुर्बिणीतून कितीतरी अधिक. परंतु हा पुंज पूर्वबिंदूच्या उत्तरेस सुमारे 25 अंश सरकून उगवतो. शतपथब्राह्मणात तर कृत्तिका पूर्व दिशा सोडीत नाहीत, असे म्हटले आहे! शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ (1896) या ग्रंथात संपातचलनाच्या गणिताने त्या वचनाचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे 3000 वर्षे ठरविला. (याविषयी मतभेद आहेत; पण वचनच उरले नसते तर वाद तरी कशाचा करावयाचा?)

आता, आपल्या डोळ्यांसमोरील आकाशात खोटे ठरलेले वाक्य शतकानुशतके घोकणाऱ्या वैदिकांस सत्यनिष्ठ म्हणावे काय? त्यांनी मान वर करून पाहिले नाही, हा आक्षेप निराधार नव्हे. मात्र कोणी पाहून ते वाक्य ‘शुद्ध’ केले असते, तर मूळ पाहणाऱ्याची साक्षच बुडाली असती. म्हणून घोकणाऱ्यास आम्ही असत्यवादी म्हणणार नाही. तो दुसऱ्याची ठेव सांभाळीत होता. दोष लागतो तो, ठेवीच्या नावाने नव्या पाहणाऱ्याचे तोंड बंद केले तर. वराहमिहिराने बृहत्संहितेत पूर्वशास्त्रांतील अर्ध्या आश्लेषेपासूनचे दक्षिणायन तसेच नमूद केले, आणि आपल्या काळी ते कर्कारंभी होते, हे त्याच्या शेजारी लिहून ठेविले.