फक्त

इंग्रजीने आम्हा बँकवाल्यांना दिलेला सर्वांत उपयुक्त शब्द कोणता, असे कुणी विचारले तर मी 'ओन्ली' असे सांगेन. (कुणी विचारत नाही, ही गोष्ट वेगळी.) हा मुळात 'वन'च्या पोटचा शब्द. जागा बदलली की अर्थ बदलतो. 'ओन्ली मी खरं बोललो' यात बढाई आहे. 'मी ओन्ली खरं बोललो' यात बचाव आहे. आपण तर त्याला वाक्याच्या शेपटाला बांधून त्याचा चक्क 'च' केला. 'आय ॲम सिटिंग हिअर ओन्ली' असे आमचे हेडक्लार्क म्हणतात, त्याचे मराठी 'इथेच तर बसलोय!'

चेकवर मात्र ओन्ली पहारेकरी असतो. 'रुपये पाचशे'पुढे जागा मोकळी राहिली तर कुणीतरी त्याचे 'पाचशे नव्याण्णव' करायचा. शिवाय १८८१ चा कायदा सांगतो की, आकडा आणि अक्षर यांचे जमले नाही तर अक्षर खरे. म्हणून अक्षराला कडी लावायची.

परवा एक निवृत्त शिपाई ग्रॅच्युइटीचा चेक घेऊन काउंटरवर आला. दोन लाख अकरा हजार ओन्ली.

"साहेब, ओन्ली म्हणजे फक्तच ना?"

"हो."

"एकतीस वर्षं घंटा वाजवली, आणि वर हे 'फक्त' ऐकवतात?"

मला एकदम उत्तर सुचेना. वाणिज्य शाखेत हे शिकवलेले नव्हते. मग मी कडीची गोष्ट सांगितली. तो चेककडे बराच वेळ बघत राहिला.

"म्हणजे, पुढे कुणी काही लावू नये म्हणून?"

"अगदी बरोबर."

"मग शब्द चांगला आहे. घरी पोरांना दाखवतो. त्यांनी आत्ताच पुढे मोटारसायकल आणि गच्चीवरची खोली लावून ठेवली आहे."

तो गेला आणि मी विचारात पडलो. पगारापुढे आपण 'फक्त' लिहितो ते कुरकुरत. गरजांपुढे कधी लिहीतच नाही. तिथे जागा कायम मोकळी! माणूस त्या जागेतच फसतो.

रात्री वही काढली. गरजांची यादी केली, बेरीज मारली, आणि 'फक्त' लिहायला पेन टेकवणार, तोच आतून सौ. म्हणाली, "अहो, पडदे धरलेत ना?"

मी थोडी जागा मोकळी सोडली.