दहा मीटरवरचा रणगाडा

जर्मनांच्या पँथर रणगाड्यावर एक खरखरीत लेप असायचा. त्याचं नाव झिमेरिट. लेप ओला असताना त्यावर ओढलेल्या रेघा दोन-चार मिलिमीटर उंच भरायच्या. हाच रणगाडा पस्तीस पटींनी लहान करून टेबलावर मांडायचा म्हटलं, तर हिशेबाने रेघेची उंची मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी उरते, म्हणजे डोक्याच्या जाडसर केसाइतकी. एवढी बारीक रेघ कुणी कोरलीच, तरी रंगाचे दोन-तीन हात चढले की ती बुजते. मग ती कोरायची किती? १:३५ मापाचं मॉडेल करणाऱ्या प्रत्येकापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच, आणि पट्टी लावून त्याचं उत्तर सापडत नाही.

लेप कशासाठी होता, ते आधी पाहू. १९४२च्या अखेरीस जर्मनांनी चुंबकाने चिकटणारा एक स्फोटक गोळा तयार केला. सैनिकाने धावत जायचं, तो रणगाड्याच्या पोलादावर चिकटवायचा आणि पळायचं. हे आपल्याला सुचलं तर शत्रूलाही सुचणार, ही धास्ती त्यांनाच लागली. बर्लिनच्या झिमर कंपनीने त्यावर हा लेप काढला. त्यात बेरियम सल्फेट, पिवळी माती, झिंक सल्फाइड आणि लाकडाचा भुसा असे. हे सगळं धरून ठेवायला पॉलिव्हिनाइल ॲसिटेट, म्हणजे सुतार वापरतात त्या पांढऱ्या डिंकाचंच मूळ द्रव्य. चुंबक आणि लोखंड यांच्यात थोडी फट पडली की ओढ झपाट्याने कमी होते. लेपाचं काम तेवढी फट ठेवण्याचं होतं. सपाट थर देण्याऐवजी उंच-सखल रेघा ओढल्या की कमी मालात आणि कमी वजनात ती फट मिळते. रेघा नक्षीसाठी नव्हत्या.

१९४३च्या उन्हाळ्याअखेर हा लेप कारखान्यांतून लागू लागला आणि सप्टेंबर १९४४ मध्ये बंद झाला. तोफेचा गोळा लागला की लेप पेट घेतो अशी वदंता उठली होती. चाचण्यांत ती खरी ठरली नाही, तरी बंदी राहिली. मित्रराष्ट्रांनी चुंबकी सुरुंग फारसे वापरलेही नाहीत. उणंपुरं वर्षभराचं या लेपाचं आयुष्य. मॉडेलवर झिमेरिट लावलं की त्या रणगाड्याचा काळही त्यासोबत ठरून जातो.

त्या वर्षात आपली माणसं कुठे होती, हे मराठी घरात जर्मन रणगाडा बांधणाऱ्याला माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. ती इटलीत याच जर्मन सैन्यासमोर उभी होती. १० जुलै १९४४ रोजी तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे जर्मन मशीनगनच्या मोर्च्यावर एकटे चालून गेले आणि तिथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे लक्षात असलं की टेबलावरच्या यंत्राकडे पाहण्याची नजर साफ राहते. त्या यंत्राची घडण अभ्यासावी. त्याचा गौरव करण्याचं कारण नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मॉडेल आपण साधारण एका फुटावरून, म्हणजे तीस सेंटिमीटरवरून पाहतो. याला पस्तीसने गुणलं तर साडेदहा मीटर होतात. टेबलावरचा रणगाडा न्याहाळताना आपण खऱ्या रणगाड्यापासून साडेदहा मीटर लांब उभे असतो. तेव्हा मॉडेलवर काय उतरवायचं? पोलादावर जे जे होतं ते सगळं, की साडेदहा मीटरवरून जे दिसलं असतं तेवढंच? माझं उत्तर दुसरं आहे. आकार रणगाड्याचा लहान करायचा, अंगाचा पोत मात्र नजरेला दिसेल तसा लहान करायचा. या दोन कामांची मापं वेगळी आहेत.

मुळात पस्तीस हा आकडाही कुठल्या शास्त्रातून आलेला नाही. जपानच्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने १९६१ मध्ये पँथरचं मॉडेल काढलं. आत मोटर आणि बॅटरीचे सेल बसायला हवेत म्हणून त्याची रुंदी ठरली. पुढे मोजून पाहिलं तर ते १:३५च्या आसपास भरलं, आणि जगभर तेच माप रुळलं.

साडेदहा मीटरवरून झिमेरिटची रेघ दिसते कशी? रेघेची उंची दिसत नाही, दिसते तिची सावली. लेप मुख्यतः उभ्या बाजूंवर लावत, जमिनीवरच्या माणसाचा हात जिथे पोचतो तिथे. छतावर तो क्वचितच असायचा. जर्मनांच्याच टायगर रणगाड्यावरच्या रेघा बहुतेक आडव्या. उभी भिंत, तिच्यावर आडवे उंचवटे, आणि ऊन वरून. प्रत्येक उंचवट्याच्या वरच्या कडेला उजेड लागतो, खाली सावलीची बारीक ओळ पडते. जुन्या छायाचित्रांत हा लेप इतका ठळक दिसतो तो यामुळे. मॉडेलवर हीच सावली पडायला हवी. घरातल्या मऊ, चारी बाजूंनी येणाऱ्या उजेडात केसाएवढ्या उंचवट्याची सावली पडतच नाही. म्हणून रेघ हिशेबापेक्षा थोडी उंच घ्यावी लागते. माझ्या मते दीडपट ते दुप्पट. त्यापुढे गेलं की रणगाड्याने स्वेटर घातल्यासारखं दिसू लागतं.

रेघांचा साचा घालूनच आलेले सुटे भाग आणि वरून चिकटवायचे तयार पत्रे बाजारात मिळतात. हाताने करण्यात जे हाती लागतं ते त्यात नाही. दोन भागांची इपॉक्सी पुट्टी घ्यायची, मळायची, टाल्कम पावडर लावून पातळ लाटायची आणि मॉडेलच्या बाजूवर दाबून बसवायची. नळाच्या गळतीला लावतात ते एम-सीलही चालतं, मात्र आमच्या नागपूरच्या मे महिन्यात ते हात फिरेपर्यंत घट्ट होऊ लागतं. थंडीतली सकाळ त्याला बरी. मग हॅक्सॉ ब्लेडचा बोटभर तुकडा पाण्यात बुडवून रेघा दाबायच्या. एका दमात लांब ओढायच्या नाहीत. एक ठसा, त्याला लागून दुसरा, मग तिसरा. एक पट्टा झाला की खाली दुसरा पट्टा, थोडा सरकवून. सारवलेल्या अंगणात बाईच्या बोटांच्या रेघा उमटतात आणि तिचा हात जिथवर पोचतो तिथवर एक फेर पूर्ण होतो. झिमेरिटचे पट्टेही तसेच माणसाच्या हाताच्या टप्प्याचे असत. कारखान्यात पहिला थर थापून वाळवत, त्यावर दुसरा पातळ थर देऊन दातेरी पट्टीने रेघा ओढत आणि ब्लोलॅम्पच्या आचेने घाईघाईने सुकवत. त्या काळात जर्मन कारखान्यांत परदेशांतून जबरदस्तीने आणलेले लाखो मजूर राबत होते. प्रत्येक पट्टा वेगळा, कुठे दाब जास्त, कुठे कमी. साच्यातून निघालेल्या एकसारख्या रेघांत तो हात दिसत नाही, म्हणून मी पुट्टीच्या बाजूचा.

रेघा झाल्या की रंग, आणि इथे गणित उलटं फिरतं. एअरब्रशचा एक पातळ हात वीस-पंचवीस मायक्रॉनचा धरा. पस्तीसने गुणा, जवळजवळ एक मिलिमीटर झाला! खऱ्या रणगाड्यावर इतका जाड रंग कुणी देत नाही. म्हणजे लेप हिशेबापेक्षा जाड हवा आणि रंग शक्य तितका पातळ हवा, आणि दोन्ही एकाच भिंतीवर. प्रायमर, मूळ पिवळा, वर हिरवे-तपकिरी पट्टे, शेवटी मॅट वार्निश. प्रत्येक हात थोडा थोडा खाचेत उतरतो आणि रेघेची उंची खात जातो. रेघ थोडी उंच ठेवायचं हे दुसरं कारण.

रंग पातळ देणं नागपुरात हवेवर अवलंबून असतं. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात ॲक्रिलिक रंग एअरब्रशच्या सुईच्या टोकावरच वाळतो; त्यात वाळण्याचा वेग कमी करणारं द्रव्य घालावं लागतं. गारव्यासाठी कूलर लावला तर खोली दमट होते, आणि लॅकर वार्निश त्या ओलाव्याने धुरकट पांढरं पडतं. श्रावण-भाद्रपदात तीच अडचण कूलरविना. दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने रंगकामाला सर्वांत चांगले.

मूळ रंग गडद पिवळा, फेब्रुवारी १९४३ पासून जर्मन वाहनांना कारखान्यातच दिला जाणारा. त्यावर हिरवा आणि तांबूस तपकिरी रंग तुकड्यांकडे घट्ट लगद्याच्या डब्यांतून येई. पेट्रोल किंवा पाणी घालून सैनिक तो फवारत. डब्यावरच्या नेमक्या छटेचा रंग मॉडेलवर मारला तर रणगाडा काळवंडलेला दिसतो. मधल्या हवेमुळे लांबच्या वस्तू फिक्या दिसतात, असं कारण पुष्कळ जण देतात. दहा मीटरवर हवा असं काय फिकं करणार? मला पटणारं कारण उजेडाचं आहे. भर उन्हात एक लाख लक्सच्या घरात उजेड असतो, आपल्या खोलीत काहीशे. रणगाडा लहान झाला, पण सूर्य काही आपण टेबलावर आणला नाही. तेव्हा मूळ रंगात थोडा फिका पिवळा किंवा पांढरा मिसळून उन्हाचा भाग रंगातूनच द्यावा लागतो.

सावलीचंही तसंच. टर्पेंटाइनमध्ये तैलरंग अगदी पातळ करून खाचांत सोडतात, त्याला वॉश म्हणतात. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या कॅम्लिनची बर्न्ट अंबरची ट्यूब याला पुरते. हा वॉश सगळीकडे सारखा सोडला तर प्रत्येक रेघ काळ्या शाईने आखल्यासारखी होते. साडेदहा मीटरवरून कुणाला रेघा मोजता येणार आहेत? खालच्या अंगाला, मडगार्डच्या आडोशाला, बुरुजाच्या बुडाशी वॉश गडद असावा. उजेडाच्या बाजूला रेघा थोड्या विरूनच जाऊ द्याव्यात. काही जागी लेपाचा टवका उडवून खालचा लाल प्रायमर दाखवावा, जिथे झाडं-भिंती घासतात अशा कोपऱ्यांवर.

हे सगळं डोळ्यांनी पडताळायचं तर अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम गाठावं. नागपूरहून पल्ला लांबचा आहे. आर्मर्ड कोअरने १९९४ मध्ये सुरू केलेल्या या संग्रहालयात १९६५च्या युद्धात पाकिस्तानकडून हस्तगत केलेले पॅटन रणगाडे आहेत, इतर देशांचेही आहेत. झिमेरिट तिथे शोधू नये. पॅटनचा ओतीव बुरुज मात्र नीट पाहावा. हाताच्या अंतरावरून त्याचं पोलाद खड्ड्या-उंचवट्यांनी भरलेलं दिसतं. मग मागे सरकत दहा-बारा मोठी पावलं जावं. खड्डे नाहीसे होतात आणि उजेडाची एक हलती, असमान झाक तेवढी उरते. मॉडेलच्या बुरुजावर प्रायमर टोचून टोचून जो खरखरीतपणा आणतात, तो त्या झाकेपुरता हवा.

शेवटचा हात चिखलाचा. झिमेरिट लावलेले पँथर १९४३-४४च्या हिवाळ्यात युक्रेनच्या काळ्या मातीत लढले. आपल्याकडच्या कापसाच्या काळ्या मातीची घडण वेगळी, ती बेसाल्टची. पण ओली असताना काळी आणि वाळली की राखेसारखी फिकी पडणं तिलाही ठाऊक आहे. शेतातली चिमूटभर माती कामाला येते, मात्र पस्तीसचा नियम इथेही लागतो. दशांश मिलिमीटरचा कण मॉडेलवर साडेतीन मिलिमीटरचा खडा होतो. माती खलून तलम कापडातून वस्त्रगाळ करावी, पातळ मॅट वार्निशमध्ये कालवावी आणि चाकं, पट्टे आणि खालच्या अंगावरच लावावी. रेघांच्या खाचांत वर चढू देऊ नये, नाहीतर इतक्या कष्टाने मिळवलेली सावली तिच्याखाली जाते. कापडावर उरलेले जाड कण टाकू नयेत. मॉडेलखालच्या जमिनीला ते लागतात.