दोष कोणाचा?



प्रायश्चित्तकाळातील चौथ्या रविवारच्या शुभवर्तमानात (योहान ९) जन्मापासून आंधळा असलेला एक माणूस आपल्याला भेटतो. त्याला पाहून शिष्यांच्या मनात पहिला विचार मदतीचा येत नाही. ते गुरुजींना विचारतात की हा भोग कोणाच्या पापाचा, त्याच्या की त्याच्या आईवडिलांच्या? येशू दोघांनाही दोषमुक्त करतो.

आपणही तेच विचारतो. कोणाला फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे कळले की आपला पहिला प्रश्न असतो, "सिगारेट ओढायचा का?" आयुष्यात विडीला हात न लावलेल्या बहिणीलाही या नजरेला तोंड द्यावे लागते.

धूम्रपान हे या आजाराचे सर्वांत मोठे कारण आहे, यात शंका नाही. पण ते एकमेव नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१२ साली ४८९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांनी कधीच धूम्रपान केले नव्हते. दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर आणि जमिनीतून येणारा रेडॉन वायू यांनीही हा आजार होतो. बाहेरच्या दूषित हवेमुळे कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ साली जाहीर केले. धूम्रपान न करणाऱ्या अनेक रुग्णांच्या गाठीत एखाद्या जनुकात बदल झालेला आढळतो. तो कशामुळे झाला, हे पुष्कळदा डॉक्टरही सांगू शकत नाहीत.

कारण शोधणे आणि दोष शोधणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टरांनी कारण शोधले, म्हणून जनुकातील अशा काही बदलांवर आज गोळ्यांचे उपचार मिळतात. दोष शोधून मात्र आजवर कोणी बरा झालेला नाही.

इथे एक सापळाही आहे. "बिचारीने कधी सिगारेट ओढली नाही, तरी तिला झाला," असे आपण हळहळून म्हणतो. त्यात एक न बोललेला निवाडा असतो: ज्याने ओढली, त्याला झाला ते ठीकच झाले. बंधू-भगिनींनो, असे दोन गट प्रभूने कधी केले नाहीत. त्याच्याकडे आलेल्या आजाऱ्यांची पात्रता त्याने तपासली नाही. ज्याचे मन आधीच पश्चात्तापाने खचले आहे, त्याला तर आपल्या मायेची अधिक गरज आहे.

त्या आंधळ्याची गोष्ट पुढे पाहा. त्याला दृष्टी मिळाली, पण लोकांच्या चौकशा थांबल्या नाहीत. आईवडिलांना बोलावून जाब विचारला गेला. शेवटी त्याला पापी ठरवून बाहेर घालवले. दोष शोधणाऱ्यांचा रस्ता तिथेच जातो. त्याला बाहेर काढल्याचे ऐकून येशू मात्र स्वतः त्याला शोधत गेला.

या आठवड्यात आपण काय करू शकतो? जे ओढतात त्यांनी सोडण्याचा निश्चय करावा, निदान घरात मुलाबाळांसमोर तरी ओढू नये. चुलीवर स्वयंपाक होत असेल तर धूर बाहेर जाण्याची सोय करावी. खोकला तीन आठवड्यांहून अधिक राहिला, थुंकीतून रक्त पडले, तर "मी तर ओढत नाही" म्हणून अंगावर काढू नये. क्षयाच्या औषधांनी बरे वाटत नसेल तर डॉक्टरांना पुन्हा विचारावे.

आणि आपल्या वाडीत कोणी या आजाराने अंथरुणाला खिळले असेल, तर त्याच्या घरी जा. कसा झाला, असे विचारू नका. जेवलात का, रात्री झोप लागली का, दवाखान्यात सोबत कोणी आहे का, एवढे विचारा. आजाऱ्याला अभ्यंग किंवा ख्रिस्तशरीर हवे असेल तर मला कळवा, मी घरी येईन.

आपल्याला शोधत येणारा प्रभू आपले डोळे उघडो. आमेन.

आपला ख्रिस्तसेवक,
प्रमुख धर्मगुरू