पाळी चुकण्याआधी

शिरोड्याच्या वाड्यांमधून मे महिन्यात लग्नाचे मांडव उभे राहतात. नवरा रजा संपली की मुंबईला, नाहीतर तेरेखोल ओलांडून गोव्यात कामावर परततो. मग चतुर्थीला चाकरमानी घरी येतात आणि नव्या सुनेला चुलीपासून विहिरीपर्यंत एकच प्रश्न ऐकू येतो, ‘काय गो, काय विशेष?’ आत्या विचारते, शेजारीण विचारते, भजनाला आलेली लांबची मावशीही विचारते. हा प्रश्न विचारण्याचा खरा अधिकार आणि खरं कारण ज्या एका ठिकाणी आहे, ते आरोग्य केंद्र मात्र गप्प असतं. त्याच्या वहीत ही मुलगी पाळी चुकल्यावर, नोंदणी झाल्यावर, कार्ड हातात पडल्यावरच उगवते.

तोवर एक महत्त्वाचं काम उरकलेलं असतं. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीतून घडतो, ती गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत मिटते. नीट मिटली नाही, तर मूल कण्यातल्या किंवा डोक्याच्या व्यंगासह जन्मतं. पाळी चुकते तेव्हा त्यातले जवळजवळ दोन आठवडे गेलेले असतात. पुढचे दोन आठवडे ‘बघूया, उशीर होत असेल’ यात जातात. मग सासूला सांगायचं, मग आशाताईला. फॉलिक ॲसिडची गोळी हातात येईतो नळीचा निकाल लागून गेलेला असतो. ही गोळी आधीपासून घेतली तर काय होतं, हे 1991 मध्ये ‘लॅन्सेट’मधल्या एका मोठ्या चाचणीने दाखवलं. आधी असं व्यंग असलेलं बाळ झालेल्या स्त्रियांमध्ये, पुढच्या खेपेला तोच दोष येण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटलं. गोळी काही रुपयांची आहे. अडचण तारखेची आहे.

गर्भ राहण्याआधीची तारीख गाठण्याचा उद्योग महाराष्ट्रात झालेला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत अजून गर्भवती नसलेल्या विवाहित स्त्रियांची नोंद सुरू केली. त्यांना झालेली बाळं सरासरी 2.7 किलोची होती. दिसायला किडकिडीत, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त. सुमारे दोन तृतीयांश आयांच्या रक्तात बी-12 कमी होतं. मुंबईच्या वस्त्यांमध्ये 2006 पासून ‘सरस’ नावाचा प्रयोग चालला. तिथे काही स्त्रियांना गर्भ राहण्याआधीपासून रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ दिला गेला. एकूण हिशेबात बाळांचं वजन वाढलं नाही, आणि संशोधकांनी ते सरळ सांगितलं. पण ज्यांनी गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधी खायला सुरुवात केली होती, त्यांच्या बाळांचं वजन थोडं जास्त भरलं, आणि खाऊ घेणाऱ्यांमध्ये गरोदरपणातला मधुमेह कमी आढळला.

हे वाचून एखादी मुलगी विचारील, ‘म्हणजे मी जे खायचं, ते अजून नसलेल्या बाळासाठी?’ प्रश्न रास्त आहे. सगळ्या बायांकडे होऊ घातलेल्या आया म्हणून पाहण्याची खोड आपल्या समाजाला आहेच, तिला डॉक्टरी आधार कशाला? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी त्या मुलीला धाप लागू नये, अभ्यासात लक्ष राहावं म्हणून आहे. बाळ झालं तर त्यालाही तिचा उपयोग होईल, एवढंच. समुपदेशनाचा पहिला प्रश्नही म्हणून ‘मूल हवंय का, आणि कधी?’ हाच असायला हवा, आणि ‘इतक्यात नको’ हे उत्तरही तितक्याच सहज वहीत उतरायला हवं. र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं, त्याला शंभर वर्षं उलटून गेली. पण नव्या सुनेला तिचं उत्तर एकटीला गाठून विचारणं आपल्याला अजून जमलेलं नाही.

एकटीला गाठून, हेच अवघड. गावात आशाताई वाडीतलीच असते, कधी चुलत जाऊही असते. समजा, मुलीला फिट्स येतात आणि माहेरच्यांनी ते लग्नात लपवलं. फिट्सच्या काही औषधांनी, विशेषतः व्हॅलप्रोएटने, बाळाच्या कण्यात दोष येण्याचा धोका वाढतो. गर्भ राहण्याआधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध बदलता येतं. मनाने एकदम बंद केलं तर तिच्याच जिवावर बेतू शकतं. म्हणजे तिने तोंड उघडायलाच हवं. पण कुणापाशी? वारंवार येणाऱ्या फिट्स हे विवाह रद्द करून घेण्याचं कारण म्हणून हिंदू विवाह कायद्यात होतं. ते 1999 मध्ये वगळलं गेलं, तरी वाडीच्या कायद्यातून वगळलं गेलेलं नाही. केंद्रातल्या खोलीला दार नसेल आणि बाहेरच्या बाकावर सासू बसली असेल, तर तज्ज्ञ डॉक्टरचा सल्लाही फुकट जाईल.

सक्तीचा मार्ग सोपा वाटतो. शेजारच्या गोव्यात 2006 मध्ये लग्नाआधी एचआयव्ही चाचणी सक्तीची करण्याचा प्रस्ताव पुढे आला, त्यावर वादळ उठलं. सक्ती कुठे चालते आणि कुठे नाही, हे समजायला शिरोड्याइतकं चांगलं गाव नाही. मे 1930 मध्ये इथल्या मिठागरांवर सत्याग्रही सरकारचा मिठाचा कायदा मोडायला उतरले. आता आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायला बंदी आहे. केंद्र सरकारने 2000 मध्ये ही बंदी उठवली होती, ती 2006 मध्ये पुन्हा आली. गर्भ पहिले तीन महिने आईच्याच थायरॉइडवर विसंबून असतो, त्यामुळे हे आयोडीनही आधीपासून तिच्या पोटात जायला हवं. मासे खारवायला खडेमीठ खुशाल वापरावं, आमटीत पाकिटातलं पडावं. ही सक्ती पचते, कारण मीठ कुणाचं गुपित विचारत नाही. चाचणी विचारते, आणि तिचा कागद सासरी पोहोचला की निर्णय मुलीच्या हातात राहत नाही.

या साऱ्यात नवरा कुठे आहे? बहुधा विरारच्या लोकलमध्ये. मुंबईतल्या एका अभ्यासात मशेरी किंवा तंबाखू खाणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरलं, आणि हा आकडा बायकांना समज देताना हमखास सांगितला जातो. त्याच्या विडीचा धूर तिच्या खोलीत भरतो, त्याबद्दल त्याला कोण बोलावून विचारतं? याज्ञिकांच्या चमूने त्या सहा गावांतली बाळं वयात आल्यावर बी-12 द्यायला सुरुवात केली तेव्हा मुलगे आणि मुली दोघांनाही घेतलं. सरकारी तक्त्यांत मात्र बापाचा रकाना सापडणं कठीण.

तो गावात हमखास सापडेल असा एक दिवस आहे. विवाह नोंदणीसाठी नवरा-नवरी दोघांना साक्षीदारांसह ग्रामपंचायतीत यावंच लागतं. तिथे सक्ती नको, चाचणीचा दाखलाही नको. नोंदणीच्या कागदासोबत फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांचं पाकीट आणि केंद्रात दोघांनी वेगवेगळं भेटायची एक वेळ लिहिलेली चिठ्ठी द्यावी. यायचं की नाही हे त्यांनी ठरवावं. रजेचे चार दिवस तेव्हा त्याच्याकडे अजून शिल्लक असतात.