हयातीचा दाखला

नोव्हेंबर महिना उजाडला की आमच्या बँकेत माझ्याकडे एक विलक्षण अधिकार येतो. समोर बसलेला माणूस जिवंत आहे की नाही, हे मी ठरवतो. (म्हणजे लिहितो मी, सही साहेब करतात.) पेन्शनरानं वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा असा नियमच आहे. पूर्वी माणूस काउंटरवर यायचा, खोकायचा, "पंखा लावा नं भाऊ" म्हणायचा, आणि तेवढ्यावर त्याची हयाती सिद्ध व्हायची. २०१४ सालापासून हे काम यंत्रावरही होऊ लागलं. आधी बोटाचा ठसा होता, २०२१ पासून चेहराही चालतो. मोबाईलपुढे तोंड धरायचं आणि पापण्या मिटून उघडायच्या. पापणी लवली की माणूस जिवंत! चौतीस वर्षं पोरांना पाढे शिकवलेल्या गुरुजींची अखेरची शिल्लक ही एवढीच.

हे सगळं डोक्यात असतानाच माझ्या भाच्यानं पेटी बांधायला घेतली. पेटी म्हणजे बाजाची नव्हे, चाकांची ट्रंक. भाचा अमरावतीला राजापेठेत राहतो आणि गाण्याचे 'लाइव्ह' कार्यक्रम करतो. ट्रंकेत एक लॅपटॉप, माईकच्या आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करणारा इंटरफेस नावाचा एक दुभाषा, दोन सप्तकांचा चिमुकला कीबोर्ड, बोटांनी बडवायचे सोळा चौकोन, पायाने दाबायचा एक खटका, यूपीएस, आणि वायरी इतक्या की उघडल्यावर आधी शेवयाच दिसतात. "मामा, पूर्वी ऑर्केस्ट्राला टेम्पो लागायचा. आता सगळा ऑर्केस्ट्रा एकटा माणूस उचलतो," तो अभिमानानं म्हणाला. उचलायला मला बोलावलं होतं.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. संगणकातलं मला हप्त्याइतकंच कळतं. पण एक गोष्ट चटकन कळली, कारण ती बँकेतलीच निघाली. हे यंत्र एका सेकंदाच्या आवाजाचे ४४,१०० तुकडे करतं. तुकडे एकेक पाठवत नाही, गठ्ठा साठला की पाठवतं. आमचं क्लिअरिंग तेच करतं. १२८ तुकड्यांचा गठ्ठा ठेवला तर उशीर सुमारे तीन मिलिसेकंदांचा. तेवढ्यात आवाज हवेतून एक मीटर जातो, म्हणजे तबलजी गायकाच्या शेजारीच बसल्यासारखा. गठ्ठा १,०२४ चा केला तर उशीर तेवीस मिलिसेकंदांवर जातो आणि तबलजी आठ मीटरवर, मांडवाच्या खांबाला टेकून वाजवू लागतो. मग लहानच गठ्ठे का नाही ठेवत? तर तेवढी घाई यंत्राला झेपत नाही आणि ते एक तारखेच्या कॅशियरसारखं तडतडायला लागतं.

हे सगळं पाहून आमची सौ. म्हणाली, "हे काय गाणं झालं? सगळं मशीनच वाजवणार!"

आता हा आक्षेप नवा नाही. आज जिला आपण अस्सल देशी समजून हार घालतो, त्या बाजाच्या पेटीला आकाशवाणीनं १९४० साली परकी आणि बेसूर ठरवून बाहेर काढलं होतं. बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. बंगळूरच्या जी. राज नारायण या बासरी वाजवणाऱ्या इंजिनियरनं १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तंबोरा केला, आणि आज मैफलीत ती डबी दिसली तर कोणी मान वळवून बघतही नाही. तेव्हा यंत्र आलं म्हणून गाणं मेलं, हे मला पटत नाही. हां, सुटसुटीतपणाच बघायचा तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी पाहा. एका हातात मावणारी, चार्जिंग नको, आणि १९५५ साली महाराजांबरोबर जपानला जाऊन आलेली. भाच्याच्या ट्रंकेला बडनेऱ्याचा जिना चढताना दोघं लागतात.

कार्यक्रम अकोल्याला होता, ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर, एप्रिलात. रस्ता उत्तम. याच अमरावती-अकोला रस्त्यावर जून २०२२ मध्ये पंच्याहत्तर किलोमीटर डांबर सलग १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून विक्रम झाला आहे. पण लॅपटॉपच्या पुस्तिकेत लिहिलंय की ३५ अंशांच्या आत वापरावा, आणि अकोल्यात संध्याकाळी सहाला एकेचाळीस! भाच्यानं यंत्राखाली ओला टॉवेल घातलेला स्टीलचा डबा ठेवला आणि वर टेबलफॅन लावला. गायक गुरुजी घामेजून बसले होते. त्यांच्याकडे कोणी पंखा वळवला नव्हता. तो मी वळवला.

नेहमीचे तबलजी त्या दिवशी प्रेक्षकांत होते. यंत्रात तबला असल्यामुळे त्यांना सांगावा गेला नव्हता, तरी आले. मी शेजारी जाऊन बसलो. म्हणाले, "मशीन चुकत नाही, हे खरं हाय भाऊ. पन मानूस चुकला तं त्याले सांभाळते का ते?"

चौथ्या अभंगाला ते घडलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गुरुजी अंतऱ्याला आले आणि थांबले. शब्दच आठवेना. यंत्राला ते काय माहीत? ओटीपीची मुदत संपली की आमचंही यंत्र म्हाताऱ्या माणसाला दारातून परत पाठवतं. त्याचा चष्मा खिशात असला तरी. मी डोळे मिटून घेतले. पण भाचा पडद्याकडे बघतच नव्हता, गुरुजींच्या ओठांकडे बघत होता. त्यानं पायाचा खटका दाबला आणि भजनी ठेक्याचं तेच आठ मात्रांचं आवर्तन फिरत राहिलं. दोन झाली. तीन झाली. मी मोजली, सात झाली. आठव्याला गुरुजींना ओळ सापडली, पोरानं पाय काढला, आणि समोरच्या मंडळींना वाटलं, हे असंच बसवलंय.

आख्खं गाणं घरून भरून आणून वर नुसते ओठ हलवणारे लोकही असतात. ती माझ्या मते कोऱ्या चेकवरची सही आहे. त्यांचा अंतरा कधी चुकत नाही, म्हणून त्यांना कोणासाठी थांबावंही लागत नाही. इथे जिवंत कोण होतं असं मला नोव्हेंबरात कोणी विचारलं, तर मी गुरुजींच्या नावापुढे आणि त्या खटक्यावरच्या पायापुढे खूण करीन. लॅपटॉपचा रकाना कोरा ठेवीन.

तबलजींना विचारलं, "कसं वाटलं?"

"पोरगं वाजवत नाही," ते म्हणाले, "पन थांबते बरं." आणि चपला शोधायला लागले. त्यांचा शेजारी बसून चहा झाला, पाकीट झालं नाही. सात आवर्तनं त्यांनीही मांडीवर बोटांनी वाजवली होती, ती कुठल्याच खात्यात जमा झाली नाहीत.

परतताना मूर्तिजापूरला चहाला थांबलो तेव्हा मी भाच्याला विचारलं, "अरे, तबल्याचे पैसे वाचले, ते गेले कुठे?"

"हप्त्यात, मामा," तो म्हणाला. "अजून चौदा बाकी आहेत."

हे मला ठाऊक होतं. कर्जाचा फॉर्म आमच्याच शाखेतला, माझ्याच अक्षरातला. मी म्हटलं, "पुढच्या वेळी त्यांना घेऊन जाऊ." तो ट्रंकेकडे बघून म्हणाला, "मग गाडीत तुम्ही कुठे बसणार?"